कॅलेंडरच्या पाठीवरच्या रेघा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी कामाच्या आठवणी लिहून काढायला सांगितल्या. मी माणबद्दल लिहिलं, मेळघाटाबद्दल लिहिलं. महाड-पोलादपूरबद्दल एक ओळ लिहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, "तिथं मी फार दिवस नव्हतो." तीन महिने होतो.

यंदा फाल्गुनात मला पंचाहत्तर पूर्ण झाली. मुलीनं माझं कपाट आवरायला काढलं, तेव्हा एका जुन्या फायलीतून भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान खाली पडलं. पानाच्या कोऱ्या बाजूवर काही नावं आणि त्यांच्यापुढं बॉलपेनानं ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून.

"हे काय, बाबा? कुणी पत्त्यांचा डाव मांडला होता का?" मुलीनं विचारलं.

"तसंच काहीतरी," मी म्हणालो आणि पान घडी करून खिशात ठेवलं. चैत्र लागल्यावर एका सकाळी साताऱ्याहून महाडची एसटी धरली. घरी सांगितलं, महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला जातोय. इतक्या वर्षांनीही पहिलं तोंडात आलं ते खोटंच.

महाबळेश्वर मागे पडलं की रस्ता एकदम उतरायला लागतो. आंबेनळी घाटात खिडकीतून खाली पाहिलं तर डोंगर उन्हानं करपून तांबूस झालेले. करवंदीच्या जाळ्यांवर हिरवी करवंदं दिसत होती, अजून पिकायला वेळ होता. एका वळणावर गाडी कलली आणि माझी पाण्याची बाटली मांडीवरून निसटून सीटांखालून घरंगळत पार मागे गेली. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या आजोबा, पोलादपूरला सापडेल, नाहीतर दुसरी घ्या." शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी लगेच आपली बाटली पुढं केली.

"घ्या हो, भरपूर हाय," त्या म्हणाल्या.

बाटलीत पाव हिस्सा पाणी होतं. मी दोन घोट घेऊन परत दिली. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि मग पोलादपूर येईपर्यंत स्वतः प्यायल्या नाहीत. माझं लक्ष त्या बाटलीवरच होतं.

महाडला दुपारी पोचलो. डेपोजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. खालच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) मिळालं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "एकटंच आलाव?" मी हो म्हटलं. "मग अजून एक भाकरी खा. एकट्या माणसाला भूक कळत नाय," त्या म्हणाल्या आणि न विचारता वाढून गेल्या.

ऊन उतरल्यावर बाजारपेठेत गेलो. एका दुकानावरची माडी शोधत होतो. ती सापडली. तिथं आता शिकवणीचे वर्ग चालतात. दार उघडं होतं, वर्ग सुटला होता. खडूचा वास येत होता. याच खोलीत आम्ही त्या पाहणीचं नियोजन केलं.

वाचकांना थोडं समजावून सांगतो. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प घेतला होता. काम सुरू करण्याआधी आज परिस्थिती काय आहे ते मोजून ठेवावं लागतं. त्याला पायाभूत पाहणी म्हणतात. कुठल्या घरात किती पाणी येतं, कोण आणतं, किती लांबून आणतं, हे सगळं आधी नोंदवायचं. त्या नोंदीवरूनच ठरणार होतं की कुठल्या वाडीला नळ द्यायचा आणि कुठली वगळायची. पाहणीचा प्रमुख मी होतो. विनायक आकडेमोड बघायचा. आणि तिसरी सुनंदा, आम्ही तिथंच नेमलेली स्थानिक कार्यकर्ती. बारावी झालेली, तेविशी-चोविशीची, पोलादपूरच्या एका वरच्या वाडीतली सून. वाडीचं नाव लिहीत नाही. त्या माणसांना माझ्यामुळे आधीच पुरेसा त्रास झालाय.

भिंतीवर मोठा खाकी कागद लावून आम्ही प्रश्न लिहीत होतो. मी लिहिलं : 'उन्हाळ्यात घरात पुरेसं पाणी असतं का?'

सुनंदा म्हणाली, "सर, हा प्रश्न ओटीवर बसून विचारून काय उपयोग नाय."

"का?"

"तुम्ही दारात आलात की ती बाई पहिल्यांदा तुम्हाला पाणी नि गूळ देणार. आणि पाणी हातात देऊन झाल्यावर तुम्ही तिलाच विचारणार, पाणी हाय का? पाव्हण्याला कोण नाय म्हनेल? डोक्यावरचा हंडा रिकामा असला तरी ती हाय म्हनेल."

विनायक हसला. "मग काय विहिरीच्या तळाशी बसून विचारायचं?"

"तळाशी नको," ती म्हणाली, "काठावर बसायचं. आणि विचारायचं नाय, मोजायचं. आमच्या डवऱ्यावर (ओढ्याच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा) उजाडायच्या आधी येऊन बसा. कुठली बाई किती खेपा घालते ते दिसेल."

ती बरोबर होती, हे मला त्याच क्षणी कळलं. माझी आईसुद्धा तशीच होती. दुष्काळात आमच्या घरी पाहुणा आला की आई त्याच्या पायावर तांब्याभर पाणी ओतायची आणि रात्री आम्हा मुलांना अर्ध्या पेल्यावर झोपवायची. मी खाकी कागदावर लिहिलं : 'वरची वाडी, डवरा, एक सकाळ मोजणी.' दिवस ठरला. सुनंदानं वाडीतल्या बायकांना सांगूनही ठेवलं.

मोजणीच्या त्या दिवसाआधी वाडीत घरोघरचे प्रश्न विचारून झाले. पहिलं घर सुनंदाच्या सासूचं, भागीआजींचं. त्यांनी चकचकीत घासलेल्या तांब्यातून पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मी विचारलं, "आजी, पाणी पुरतं का?" आजी म्हणाल्या, "पुरतं तर! देवाच्या दयेनं भरपूर हाय. घ्या अजून." बाकीच्या घरांतही तसंच झालं. मी खुणा करत गेलो : पुरेसं, पुरेसं, पुरेसं. सुनंदा सासूच्या मागे उभी होती, खाली बघत. सासूसमोर ती काय बोलणार?

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही महाडला होतो. दिवसभर डोंगर चढून पाय भरून आले होते. विनायक म्हणाला, "साहेब, उद्या पहाटे परत ती चढण? त्यापेक्षा सवला जाऊ. गरम कुंडात अंग शेकू. घरं तर झालीच आहेत." मी सुनंदाला फोन केला. "उद्याचं रद्द कर. पुढं बघू," मी म्हणालो. ते 'पुढं' कधी आलं नाही.

आता या प्रवासात दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून सवला गेलो. वाचकांसाठी वर्णन करायचं तर जागा साधी आहे : सावित्रीच्या काठाजवळ गरम पाण्याची कुंडं, गंधकाचा वास, कपडे ठेवायला कठडा. चार-पाच माणसं मानेपर्यंत पाण्यात बसली होती. एक म्हातारे गृहस्थ अंग पुसत बाहेर आले. मी कपडे घालून नुसता उभा आहे हे बघून म्हणाले, "उतरत नाय?"

"नाही."

"मग आलाव कशाला, वास घ्यायला?"

बाकीचे हसले. मीही हसलो. पाण्यात हात घातला तर चटका बसला. त्या दिवशी आम्ही इथं दोन तास बसलो होतो. विनायक गाणं म्हणत होता. पाणी अंगावरून वाहून जात होतं, आणि त्याच वेळी वर डोंगरात सुनंदा एकटी डवऱ्यावर बसून रेघा ओढत होती.

कारण मी रद्द केलं तरी ती गेली होती. बायकांना शब्द दिला होता ना. पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत ती बसली. एकेका बाईचं नाव आणि पुढं तिच्या खेपांच्या रेघा, घरातल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. चार दिवसांनी ते पान घेऊन ती महाडला माडीवर आली.

"सर, हे फाईलला लावा. मग आमची वाडी सुटणार नाय."

मी पान बघितलं. म्हणालो, "सुनंदा, असं एका माणसानं मोजलेलं चालत नाही. पद्धत असते."

"मग तुम्ही या. परत मोजू."

"बघतो."

चार पायऱ्या उतरून ती परत वर आली. "पण लावाल ना?"

"हो," मी म्हणालो.

लावलं नाही. लावलं असतं तर मोजणी का झाली नाही हे लिहावं लागलं असतं. वरची वाडी 'पाणी पुरेसं' म्हणून वगळली गेली. नळ खालच्या वाडीला गेला. पुढं वरच्या वाडीच्या लोकांनी संस्थेकडे अर्ज केला आणि वरिष्ठांनी मला खुलासा मागितला. मी लिहिलं : 'स्थानिक कार्यकर्तीने घरोघरची माहिती चुकीची भरली.' एक वाक्य. खुणा माझ्या हाताच्या होत्या. सुनंदाचं काम बंद झालं आणि मी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो.

सवहून परत येताना महाडला चवदार तळ्यापाशी उतरलो. तळ्याच्या कडेला एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातल्या मुलीनं मला फोन दिला, "काका, आमचा सगळ्यांचा काढाल?" मी काढला. पहिला फोटो हलला. "अजून एक," मुलगी म्हणाली. तिची आजी पांढरी साडी नेसून पाण्याकडे तोंड करून उभी होती. ती काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. तिला तसंच उभं राहू दिलं. पाणी कोणाला मिळतं आणि कोण ठरवतं, हे या गावात मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी माझ्या हातून हे या गावातच झालं.

दुपारच्या गाडीनं पोलादपूर गाठलं, तिथून सहा आसनी रिक्षानं डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पुढं पूर्वी पायवाट होती, आता अर्ध्यापर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय. उरलेली चढण चढताना मी चार वेळा बसलो. वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. माणसं मुंबईला असतात; शिमग्याला आली होती, पालखी नाचवून परत गेली.

भागीआजी पडवीत बसल्या होत्या. उजवा हात कोपरापासून वाकडा. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नुसतंच सांगितलं की पूर्वी पाण्याच्या कामाला आलो होतो.

"बसा, बसा. उन्हाचं आलाव." त्या उठल्या. डाव्या हातानं तांब्या आणला, वाटीत गूळ. "घ्या. भरपूर हाय."

अंगणात नळ होता. तोटीखाली बादली कोरडी ठणठणीत. मी त्याच्याकडे बघितलेलं त्यांना दिसलं असावं.

"येतो, येतो. दुसऱ्या योजनेतला हाय. तीन-चार वर्षं झाली."

"आणि त्याआधी?"

"आधी डवरा. हा हात तिथंच मोडला. हंडा डोकीवर नि शेवाळावर पाय." आजी हसल्या. "नळ आधीच यायचा व्हता, पण आमच्या सूनबाईनं घालवलान."

मी गूळ परत वाटीत ठेवला.

"संस्थेत व्हती ना कामाला. खालच्या वाडीला नळ दिलान नि स्वतःच्या वाडीचं नाव खोडलान. साहेबाचं तसं पत्रच आलेलं, सुनंदानं चुकीचं लिवलं म्हणून. ग्रामपंचायतीत वाचून दाखवलंनी. मग बायका बोलायला लागल्या. डवऱ्यावर तिला पुढं पानी भरू देईनात. म्हनायच्या, जा गो, तुज्या खालच्या वाडीच्या नळावर जा. मी पन बोलले. हात मोडला तवा तर लई बोलले. शेवटी नवऱ्याला घेऊन गेली मुंबईला, नालासोपाऱ्याला. येते गणपतीला. दोन दिवस ऱ्हाते, जाते."

पत्र ग्रामपंचायतीत वाचून दाखवलं गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ते कुठं जाईल याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी खिशातून पान काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणालो, "आजी, तो साहेब मी. सुनंदानं नाव खोडलं नाही. त्या खुणा मी केल्या होत्या. तुम्ही पाणी भरपूर आहे म्हणालात, मी तसं लिहिलं. खरं काय ते मला माहीत होतं. सुनंदा एकटी डवऱ्यावर बसली आणि तिनं हे मोजलं. मी ते लपवलं."

आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "माझं कुठलं?" मी त्यांच्या नावापुढच्या रेघांवर बोट ठेवलं. त्या एकेक रेघ बोटानं चाचपत मोजायला लागल्या. पाच. परत पाच. आणि एक.

"अकरा," त्या म्हणाल्या. "हां, अकराच. गुरं व्हती तवा." बराच वेळ त्यांनी बोट तिथून काढलं नाही. मग माझ्याकडे बघितलं. "बसलेली बघितलेली मी तिला डवऱ्यावर. म्हटलं, कामधंदा सोडून बायकांची उनीदुनी लिवत बसलेय."

"माझी चूक आहे, आजी."

"तुमची तर हायच." आवाज चढला नाही, पण गोडवा गेला. "मी पाव्हण्याला नाय म्हटलं नाय, ती माझी रीत. पन तुम्ही शिकलेले. आता मी तिला बोललेलं कोन माघारी घेनार, तुम्ही? इतकी वर्सं बोललेय."

त्यांनी मांडीवरचं पान उचलून हातात घेतलं.

"मला काय सांगताव," त्या म्हणाल्या. "तिला सांगा."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला. वाडीत रेंज फक्त अंगणाच्या कोपऱ्यात, फणसाखाली मिळते. आम्ही दोघं तिथं जाऊन उभे राहिलो. आजींनी एक बटण दाबून धरलं, कानाला लावलं. "सुनंदा गो, हे बग कोन आलंय. तुजे साहेब. संस्थेचे. बोल." आणि फोन माझ्या हातात दिला.

साताऱ्यापासून एक वाक्य मनात घोळवत आलो होतो. घाटात प्रत्येक वळणावर ते म्हणून पाहिलं होतं.

"सर?" सुनंदाचा आवाज. मागं कुकरची शिट्टी झाली. "सर, तुम्ही? वाडीत? बरं आहे ना सगळं?"

"हो," मी म्हणालो. "बरं आहे."

"तब्येत?"

"छान आहे."

"चढून गेलात एवढ्या उन्हात! आईंनी पाणी दिलं ना? नळाला येतंय ना पाणी? आई मला खरं सांगत नाहीत."

समोर कोरडी बादली होती. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"येतंय," मी म्हणालो. "भरपूर आहे."

"मग बरं." ती थांबली. मला वाटतं, ती वाट बघत होती. "काही काम होतं का, सर?"

"नाही, नाही. सहज."

"बरं, सर. आईंना द्या."

फोन दिला. आजींनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्या फणसाच्या खोडामागे गेल्या, माझ्याकडे पाठ केली आणि फोनवर खालच्या आवाजात बोलायला लागल्या. एका हातात फोन, वाकड्या हातात कॅलेंडरचं पान छातीशी धरलेलं. त्या काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलताना दिसले. मी तांब्या पडवीत ठेवला आणि निघालो. पान परत मागितलं नाही. ते माझं नव्हतंच.

पोलादपूरला संध्याकाळची गाडी मिळाली. घाट चढताना कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय आजोबा, देवदर्शन?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. दरीत खाली कुठंतरी ती वाडी होती, पण इतक्या उंचावरून सगळे डोंगर सारखेच दिसतात. मी आयुष्यभर असंच उंचावरून बघून लिहीत आलो.

भागीआजींनी तिला सांगितलं असेल, असं मी मनाला समजावतो. त्यांनी सांगितलं असलं तरी ते त्यांचं सांगणं झालं. सुनंदाचा नंबर नंतर मिळवला. माझ्या फोनमध्ये तो आहे. दोनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत तोडला. तिनं उचलला की ती पहिल्यांदा विचारणार, "बरं आहे ना, सर?" आणि मी काय म्हणणार ते मला माहीत आहे.

म्हणून इथं लिहून ठेवतो. तुम्हा वाचकांना सांगणं म्हणजे तिला सांगणं नव्हे, हे मला कळतं. फणसाखाली जे म्हणायला गेलो होतो आणि म्हटलं नाही, ते एवढंच होतं : सुनंदा, तू डवऱ्यावर बसली होतीस तेव्हा मी सवच्या कुंडात बसलो होतो, तुझं मोजलेलं बरोबर होतं, पत्रातलं खोटं माझं होतं, मला माफ कर.